बोफर्टचा डावखुरा

मे महिन्याच्या सुट्टीत दादा मिरजेहून आमच्याकडे आला, तेव्हा त्याला काय काय दाखवायचं याची मी यादी करून ठेवली होती. वॉशिंग्टन, नायगारा, झालंच तर फ्लोरिडा. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "ते बघू रे नंतर. तुमच्या गावात संध्याकाळी माणसं काय करतात, ते दाखव आधी."

म्हणून त्याला डरहॅमला बेसबॉलच्या सामन्याला नेलं.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. डरहॅम तिथून अर्ध्या तासावर. डरहॅम बुल्सचं मैदान तंबाखूच्या जुन्या विटांच्या वखारींच्या शेजारी आहे. भिंतीवर एक भलामोठा बैल उभा केलाय. घरच्या खेळाडूने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला, की बैलाचे डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकातून धूर निघतो. दादाला खेळाआधी तो बैल आवडला. म्हणाला, "बेंदराला मिरवायला न्यायला हवा हा."

खेळ कळायला त्याला वेळ लागला नाही. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, तो स्ट्राइकआउट. चार चेंडू बाहेर पडले की फलंदाजाला फुकटात पहिला बेस, तो वॉक. पिचर ६० फूट ६ इंचांवरून फेकतो, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट जवळून, आणि चेंडूला टप्पा नाही. दादा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आकडे ऐकून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, "अरे, मग मारणाऱ्याला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही." मिळत नाहीच.

पाचव्या डावाच्या आसपास त्याने विचारलं, "ही पोरं एवढी चांगली खेळतायत, मग ती इथे का? वर का नाहीत?"

मी त्याला सांगितलं, वर जागा ७८० आहेत. ३० संघ, प्रत्येकी २६ खेळाडू. आणि दर उन्हाळ्यात ड्राफ्टमधून सहाशेच्या वर नवी पोरं निवडली जातात. शिवाय डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, जपानहून येणारी वेगळी. ती सगळी खालच्या लीगमध्ये पायरी पायरीने चढत राहतात. डरहॅम ही शेवटून दुसरी पायरी. इथून वर फक्त मेजर लीग. या पायरीवर वयाची सत्ताविशी गाठलेली मुलं असतात, आणि त्यांतल्या काहींना अठराव्या वर्षी सही करताना दहा-वीस लाख डॉलर मिळालेले असतात.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेक नाव घेतात. ज्यांचे आधीचे दिवस वाईट गेले, त्यांची पाळी साधारणपणे आधी. खेळाडूला पसंती नाही. ज्याने नाव घेतलं त्याच्याशीच बोलायचं. १९६५ पासून हे चालू आहे. त्यामुळे दर वर्षी या देशात एक मुलगा असा असतो की, त्याच्या वयाच्या सगळ्या खेळाडूंत तो पहिला, असं जाहीर होतं. मग वर्तमानपत्रं, मासिकं, आता मोबाइल, सगळे त्याच्या मागे लागतात. त्याला म्हणायचं प्रॉस्पेक्ट. खाणवाल्यांचा शब्द आहे तो. इथे खणलं तर सोनं लागेल, अशा जागेसाठीचा. आणि सोनं लागलं नाही तर दुसरा शब्द तयारच असतो, बस्ट. फुसका निघाला.

मराठीत आपण याला अपेक्षाभंग म्हणतो. मला हा शब्द जास्त खरा वाटतो. भंग अपेक्षेचा होतो, आणि अपेक्षा ज्याने केली त्याची असते. बस्ट म्हटलं की सगळं त्या मुलाच्या डोक्यावर.

परतताना गाडीत मी दादाला ब्रायन टेलरबद्दल सांगायला लागलो.

---

बोफर्ट आमच्यापासून तीन तासांवर, अटलांटिकच्या काठाला. याच स्पेलिंगचं एक गाव साउथ कॅरोलायनात आहे, तिथले लोक ब्यूफर्ट म्हणतात. आमचं ते बोफर्ट. मासेमारीचं, होड्यांचं गाव. ब्रायन टेलर इथल्या ईस्ट कार्टरेट हायस्कूलचा. वडील गवंडी. आई बेटी खेकड्याचं मांस काढण्याच्या कारखान्यात कामाला. ज्यांनी कोकणात खेकडा सोललाय त्यांना या कामाची कल्पना येईल. दिवसभर उभं राहून, पात्याने कवच फोडून, बोटं चिरून घेत पांढरं मांस वेगळं करायचं.

त्यांचा मुलगा डाव्या हाताने ताशी ९८ मैल वेगाने चेंडू फेकायचा. म्हणजे १५८ किलोमीटर. कधी ९९ सुद्धा. शाळेच्या शेवटच्या वर्षी तो ८८ डाव फेकला आणि त्याने २१३ जणांना स्ट्राइकआउट केलं. डावाला तीन बाद, म्हणजे एकूण २६४ बाद. त्यांतले २१३ जण मैदानात चेंडू न धाडताच परत गेले. मैदानावर बाकीचे आठ जण नुसते उभे असणार. स्कॉट बोरास हा या धंद्यातला सगळ्यांत नावाजलेला एजंट, त्या वेळी टेलर कुटुंबाचा सल्लागार होता. शाळकरी वयातला इतका चांगला पिचर आपण पाहिला नाही, असं तो पुढे कित्येक वर्षांनीही सांगत राहिला.

१९९० मध्ये न्यूयॉर्क यांकीज ९५ सामने हरले होते. एवढा श्रीमंत संघ तळाला गेल्यामुळे १९९१ च्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव घेण्याची पाळी त्यांची होती. त्यांनी टेलरचं नाव घेतलं आणि कमी पैसे देऊ केले. आदल्या वर्षी टॉड व्हॅन पॉपेल नावाच्या टेक्सासच्या शाळकरी पिचरला ओकलंडने १२ लाख डॉलरचा करार दिला होता, आणि तो तर चौदाव्या क्रमांकाचा. बेटी टेलरबाईंनी विचारलं, मग माझ्या मुलाला कमी का? आणि त्या अडून बसल्या. सगळा उन्हाळा. खेकडे सोलणारी एक काळी बाई यांकीजच्या वकिलांसमोर आपला आकडा सोडायला तयार नव्हती. त्यांच्यावर टीका झाली, हावरट म्हणून झाली. मुलगा कॉलेजात जायला निघण्याच्या बेतात होता. एकदा वर्गात बसला असता तर यांकीजचा हक्क संपला असता. शेवटी १५ लाख ५० हजारांवर सही झाली. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाला तोवर एवढी रक्कम कुणी दिली नव्हती.

मला या गोष्टीत त्या बाई फार मोठ्या वाटतात. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण आज हातात काय घ्यायचं हे त्यांना कळत होतं. त्या अडल्या नसत्या, तर पुढच्या सगळ्या कहाणीत टेलरच्या वाट्याला तेवढंही आलं नसतं.

पहिली दोन वर्षं पोरगा नीट चढत होता. १९९२ मध्ये फ्लोरिडात १६१ डावांत १८७ स्ट्राइकआउट. देशभरातल्या होतकरूंच्या यादीत पहिला क्रमांक. १९९३ मध्ये एक पायरी वर, आल्बनीला, १३ विजय. बस, आता वर्षा-दीड वर्षाचा प्रश्न, असं सगळे म्हणत होते.

१८ डिसेंबर १९९३. मोसम संपलेला, टेलर घरी आलेला. त्याला कळलं की भावाला कुणीतरी मारलंय, डोक्याला जखम झालीय. तो जाब विचारायला गेला. झटापट झाली. त्यात डावा खांदा निखळला, आतलं सगळं फाटलं.

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी शस्त्रक्रिया केली. पिचरच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया ज्यांनी शोधून काढली, तेच हे डॉक्टर. याच्यावरचं नाव दुसरं नाही अशी तेव्हा त्यांची ख्याती. कोपर त्यांनी पुष्कळांचे वाचवले. पण खांदा वेगळा. खांद्याची खोबण उथळ असते, चेंडू फेकताना हात मागे जातो तेव्हा सगळा भार आतल्या अस्तरावर आणि कडेच्या कूर्चेवर येतो. तिथे शिवलेलं शिवलेलंच राहतं. १९९४ पूर्ण वाया गेलं. परत आला तेव्हा वेग ताशी आठएक मैलांनी उतरला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे चेंडू जिथे टाकायचा तिथे पडेना.

१९९६ मध्ये यांकीजने त्याला ग्रीन्सबरोला ठेवलं. खालच्या पायरीवर. ग्रीन्सबरो आमच्या घरापासून सव्वा तासावर आहे, माझं कामानिमित्त तिथे जाणं होतं. त्या मोसमात टेलरने १६ डाव आणि एक बाद इतकं फेकलं, आणि ४३ वॉक दिले. ४३. लहान मैदानावर एक मुलगा चेंडू सोडतोय आणि तो जाळीवर आदळतोय, पुन्हा सोडतोय, पुन्हा बाहेर, आणि फलंदाज बॅट खाली टाकून चालत पहिल्या बेसकडे निघालाय. हे मी पाहिलेलं नाही. तरी गाडी चालवताना ते मला दिसतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यांकीजनी अठरा वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली. त्यांचा डावखुरा पिचर होता अँडी पेटिट. १९९० च्या ड्राफ्टमध्ये बाविसाव्या फेरीत घेतलेला. सातव्या-आठव्या डावात येऊन सामना धरून ठेवायचा तो मारियानो रिव्हेरा; पनामातल्या मासेमारीच्या गावचा, त्याला सही करताना दोन-तीन हजार डॉलर मिळाले होते. १५ लाखवाला ग्रीन्सबरोत होता आणि दोन-तीन हजारवाला न्यूयॉर्कमध्ये. निवडणारे तेच होते, त्याच संघाचे, आणि ते मूर्ख नव्हते. टेलरबद्दल त्यांचा अंदाज चुकला असं मला आजही वाटत नाही. १७ डिसेंबरपर्यंत तो बरोबर होता.

टेलर मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता २००० साली खेळातून बाहेर पडला. गावी परतला. पार्सलची कामं केली, वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम केलं. २०१२ मध्ये कोकेनच्या गुन्ह्यात त्याला ३८ महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगून तो बाहेर आला.

पहिल्या क्रमांकाचा असून वर न पोचलेला टेलर पहिला नव्हे. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी स्टीव्ह चिलकॉट या कॅलिफोर्नियाच्या शाळकरी कॅचरचं नाव घेतलं होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बेसवर परत झेप घेताना त्याचा खांदा निखळला आणि तोही कधी वर आला नाही. त्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकावर, ज्याचं नाव घेतलं गेलं तो रेजी जॅक्सन, ५६३ होमरनचा. गेली साठ वर्षं चिलकॉटचं नाव निघतं ते रेजीच्या आधीचा म्हणून.

---

पण मला खरा राग येतो तो डेव्हिड क्लाइडची गोष्ट आठवली की. टेलरचा खांदा एका रात्रीत गेला. क्लाइडला माणसांनी वापरलं.

टेक्सास रेंजर्स हा संघ १९७२ मध्ये वॉशिंग्टनहून उठून आर्लिंग्टनला आला. मालक बॉब शॉर्ट. संघ हरणारा, मैदान रिकामं, डोक्यावर देणी. १९७३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक त्यांचा, आणि त्याच राज्यात, ह्यूस्टनमध्ये, अठरा वर्षांचा डावखुरा पोरगा. शाळेच्या शेवटच्या वर्षी १८ सामने, १८ विजय, ३२८ स्ट्राइकआउट. शॉर्टने सव्वा लाख डॉलर देऊन त्याची सही घेतली आणि ठरलं असं की, दोन सामने थेट मेजर लीगमध्ये खेळवायचा आणि मग खाली पाठवून नीट तयार करायचा.

२७ जून १९७३. शाळा संपून तीन आठवडेही झाले नव्हते. त्या संध्याकाळी आर्लिंग्टनचं मैदान पहिल्यांदा पूर्ण भरलं. ३५,६९८ माणसं. बाहेर गाड्यांची इतकी गर्दी की सामना उशिरा सुरू करावा लागला. क्लाइडने पहिल्या दोघा फलंदाजांना वॉक दिला. मग पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट केलं. पाच डाव, आठ स्ट्राइकआउट, सात वॉक, एकच हिट. रेंजर्स ४-३ ने जिंकले.

ते सात वॉक बघा. प्रशिक्षक व्हाइटी हर्झॉगना ते दिसत होते. हा मुलगा गुणी आहे आणि कच्चा आहे, त्याला खाली पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण मालकाला ३५,६९८ दिसत होते. दोन सामन्यांचा करार विसरला गेला. क्लाइड मोसमभर वर राहिला, ४ जिंकला आणि ८ हरला. सप्टेंबरात हर्झॉगची नोकरी गेली. पुढच्या वर्षी शॉर्ट संघ विकून मोकळा झाला. क्लाइड मागे राहिला. मग खांद्याचं दुखणं, शस्त्रक्रिया, इकडून तिकडे. १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने मेजर लीगमधला शेवटचा चेंडू टाकला. एकूण १८ विजय, ३३ पराभव. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर रॉबिन यंट होता आणि चौथ्यावर डेव्ह विनफिल्ड. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

त्या काळी पेन्शनला चार वर्षांची नोकरी लागायची. क्लाइडला ३७ दिवस कमी पडले.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, नियम बदलला. चार वर्षांऐवजी ४३ दिवस पुरेसे झाले. पण आधीच्यांना तो लागू नव्हता. क्लाइडसारख्यांना थोडीफार वार्षिक रक्कम द्यायचं ठरलं ते थेट २०११ मध्ये. ज्या मुलाच्या जिवावर एक मालक तरून गेला, ज्याच्यामुळे त्या गावात बेसबॉल टिकलं असं जुने लोक मानतात, त्याच्यासाठी कुणालाही ३७ दिवस सापडले नाहीत. संघाच्या बाकावर नुसतं बसवलं असतं तरी भरले असते.

३७ दिवसांचं पहिल्यांदा वाचलं, त्या रात्री मला झोप आली नाही. मला दादाचे पाच गुण आठवत होते.

---

हे मी आजवर लिहिलेलं नाही.

दादा दहावीला गुणवत्ता यादीत आला होता. आई त्याला पेढा भरवतेय असा फोटो पेपरात छापून आला. तो कापून आत्याने फ्रेम करून घेतला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दादाचं नाव डॉक्टर पडलं. दूधवाला डॉक्टर म्हणायचा, गणपतीच्या वर्गणीला येणारी पोरं डॉक्टर म्हणायची. मिरज हे दवाखान्यांचं गाव. तिथे हुशार मुलाने आणखी काय व्हायचं? तेव्हा मेडिकलला प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळायचा. प्रश्न नव्हताच. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

१९९६ च्या फेब्रुवारीत मला टायफॉइड झाला. मी सातवीत. बरा होऊन घरी आलो आणि आठ दिवसांत पुन्हा उलटला. वडील बदलीवर रत्नागिरीला. आई दिवसा दवाखान्यात, मग घरी आजीचं करायला. रात्री माझ्याजवळ दादा. अकरा रात्री. कॉटच्या खाली चटई टाकून, व्हरांड्यातल्या दिव्याच्या उजेडात पुस्तक धरून बसायचा. मला ताप चढला की पुस्तक मिटून कपाळावर पट्ट्या ठेवायचा. मला आठवतं, मी जागा झालो की तो जागाच असायचा. मार्चला त्याची परीक्षा.

पाच गुण कमी पडले.

तो बी.एस्सी. झाला, बी.एड. झाला, मिरजेजवळच्या एका गावातल्या शाळेत लागला. गेली चोवीस वर्षं तो आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेच्या मागच्या पडवीत त्याने पोरांकडून दुर्बीण करून घेतलीय. आणि गेली चोवीस वर्षं लग्नाकार्यात कुणीतरी भेटतं आणि हळहळतं. काय हुशार होता हो. वाया गेला. ही माणसं वाईट नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटतं. पण त्यांनी मोजलेलं काय, तर ते पाच गुण. त्या अकरा रात्री कुणाच्या हिशेबात नाहीत, कारण तो हिशेब माझ्याकडे आहे आणि मी कधी तोंड उघडलं नाही. मी इंजिनियर झालो, इकडे आलो, घर घेतलं. त्यालाही लोक माझंच कर्तृत्व समजतात.

म्हणून टेलरची गोष्ट वाचली तेव्हा मी १८ डिसेंबरपाशी थांबलो आणि बराच वेळ पुढे गेलोच नाही.

---

सगळ्यांची गोष्ट तिथेच संपते असंही नाही. आमच्या इथला, रालेचा जॉश हॅमिल्टन १९९९ चा पहिल्या क्रमांकाचा. टॅम्पा बेने त्याला जवळपास ४० लाख डॉलर दिले. दुखापत झाली, मग दारू, मग कोकेन, मग बंदी. काही वर्षं बेसबॉलच्या जगात तो नव्हताच. त्याच ड्राफ्टमध्ये ४०२ व्या क्रमांकावर अल्बर्ट पुहोल्स नावाचा मुलगा गेला होता, तो पुढे ७०३ होमरन मारून थांबला. हॅमिल्टन २००७ मध्ये परत आला. २००८ ला न्यूयॉर्कमध्ये होमरनची स्पर्धा होती, तिथे त्याने चेंडू टाकायला कुणाला नेलं, तर आमच्या कॅरीच्या क्ले कौन्सिलना. वय ७१. पोरवयात हॅमिल्टनला सराव देणारे, कसलंही मोठं नाव नसलेले गृहस्थ. कधी संधी आलीच तर तुम्हालाच नेईन, असा शब्द त्याने त्यांना दिला होता. पहिल्या फेरीत हॅमिल्टनने त्यांच्या चेंडूंवर २८ होमरन मारले. तो शब्द पाळला गेला, याचं मला त्या २८ पेक्षा अप्रूप वाटतं. पुढे तो पुन्हा घसरला, पुन्हा उठला. त्याचं आयुष्य असं सरळ रेषेत सांगता येत नाही.

आणि मार्क अ‍ॅपल. स्टॅनफर्डमध्ये शिकलेला, जन्माने ह्यूस्टनचा. २०१३ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं, ६३ लाख ५० हजार डॉलर दिले. दुसऱ्या क्रमांकाचा क्रिस ब्रायंट तीन वर्षांत शिकागो कब्जना त्यांचं १०८ वर्षांनंतरचं पहिलं अजिंक्यपद मिळवून देणाऱ्यांत होता. अ‍ॅपलचे चेंडू खालच्याच पायऱ्यांवर फटकावले जात होते. ह्यूस्टनने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. २०१८ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याने खेळणं थांबवलं. लोकांनी याद्या काढल्या. आजवरचे सगळ्यांत मोठे फुसके. त्यात तो वरच्या क्रमांकाला.

तीन वर्षांनी तो परत आला. का आला, कुणी बोलावलं नव्हतं. २९ जून २०२२ च्या रात्री तो फिलाडेल्फियाच्या मैदानावर नवव्या डावात चेंडू टाकायला उतरला, तेव्हा त्याचं वय ३० होतं आणि ड्राफ्टला नऊ वर्षं होऊन गेली होती. त्याने एकही धाव दिली नाही. त्या मोसमात तो सहा सामने खेळला, दहा डाव आणि एक बाद, दोन धावा. पुन्हा मेजर लीगमध्ये दिसला नाही. मी तो नववा डाव टीव्हीवर पाहिला, उभं राहून. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याने विचारलं, "बाबा, हा कोण आहे?" मी म्हटलं, पिचर आहे.

हल्ली मुलगा लिटल लीगमध्ये पिचिंग करतो. जाळीमागे काही पालक वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे असतात, अकरा वर्षांच्या पोरांच्या प्रत्येक चेंडूला आकडा ओरडतात. गेल्या वर्षी मीही तसलं यंत्र घेतलं होतं. दोन रविवार वापरलं. तिसऱ्या रविवारी पाहिलं की चेंडू टाकल्यावर पोरगा फलंदाजाकडे बघतच नाहीये, मान वळवून माझ्याकडे बघतोय. ते यंत्र आता गॅरेजमध्ये आहे.

---

मेमोरियल डेच्या सुट्टीत आम्ही बोफर्टला गेलो. धक्क्यावर उभं राहिलं की समोर अरुंद खाडी, तिचं नाव टेलर्स क्रीक, आडनावाचा योगायोग. पलीकडच्या बेटावर मोकाट घोडे चरतात. दादाने मुलाच्या हातातून दुर्बीण घेतली आणि एकेक घोडा मोजला. नऊ दिसले.

दुपारी गावाबाहेर ईस्ट कार्टरेट हायस्कूलवरून गेलो. सुट्टी, सगळं बंद. कुंपणापलीकडे गवत नीट कापलेलं होतं. मी गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली.

संध्याकाळी धक्क्यावर उकडलेले खेकडे घेतले. कागद पसरून, लाकडी हातोडीने फोडून खायचे. दादाने हातोडी बाजूला ठेवली. वडील रत्नागिरीला होते तेव्हा सुट्टीत शिकलेला तसा तो नांगी पिरगाळून, दाताखाली अलगद फोडून मांस काढत होता आणि माझ्या मुलाच्या ताटात टाकत होता. मी टेलरची राहिलेली गोष्ट सांगितली. डिसेंबरची रात्र, खांदा, डॉक्टर जोब, ग्रीन्सबरोचे ४३ वॉक, तुरुंग. आकडे मला पाठ आहेत. इतक्या वर्षांत टेलरवर जे जे हाती लागलं ते मी वाचलंय.

दादा सगळं ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने बोटं पुसली.

"आणि त्याचा भाऊ?"

"भाऊ काय?"

"डोक्याला लागलं होतं म्हणालास ना. फार लागलं होतं का? बरा झाला ना तो?"

मी जे जे वाचलं होतं त्यात भाऊ एका वाक्यात येऊन जातो. मी दादाकडे बघत राहिलो. त्याने दुसरा खेकडा उचलला, नांगी पिरगाळली, आणि माझ्या पोराला म्हणाला, "हे बघ, इथे दाबायचं. जोर नाही लागत."